नासर्डीचं पाणी दर महिन्याला तपासायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये उंटवाडीजवळ नासर्डी नदीच्या काठावर राहणाऱ्या एका ताईंनी सोसायटीतल्या दहा-बारा जणांचा गट जमवला आहे आणि दर महिन्याला नदीचं पाणी तपासायचं ठरवलं आहे. कोणतं किट घ्यावं, कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि आपल्यासारख्या साध्या माणसांनी काढलेले आकडे कुणी मानेल का, असं त्या विचारतात.

ताई, मानतील. पण किट एवढ्यात घेऊ नका. आधी एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. असं का म्हणतो ते सांगतो.

नाशिकमध्ये पाणी मोजायची एक जुनी रीत आहेच. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की अख्खं गाव एकमेकांना विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. ही मोजणी पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण मारुती जागचा हलत नाही, मोजपट्टी बदलत नाही आणि बघणारा कुणीही असला तरी उत्तर एकच येतं. तुम्हाला पाण्याच्या गुणवत्तेसाठी तसाच एक मारुती उभा करायचा आहे. जागा तीच, वेळ तीच, पद्धत तीच, आणि त्या वेळी पाणी किती वाहत होतं त्याची नोंद. एवढं असेल तर पाचशे रुपयांच्या पेनचा, म्हणजे पाण्यात बुडवून वाचायच्या पेनसारख्या छोट्या मीटरचा आकडाही उपयोगी पडतो. हे नसेल तर पन्नास हजारांच्या मीटरचा आकडाही कुणी विचारात घेत नाही, आणि घेऊही नये.

मी तीसेक वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले आणि त्यातली बरीचशी वर्षं सुट्टीच्या दिवशी नासर्डी, वाघाडी, वालदेवीच्या काठानं विद्यार्थ्यांना घेऊन फिरलो. सुरुवातीला माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. मार्च महिना होता, दुपारचे तीन वाजले होते, आम्ही वाघाडीवर होतो. पाणी हिरवट, पण वास नव्हता. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम निघाला. आता नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथं २५ अंशांच्या पाण्यात हवेतून मुरून मुरून ऑक्सिजन मुरणार तो ७.७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे माझा आकडा नको इतका चांगला होता आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. मी मात्र आनंदानं सगळ्यांना सांगत सुटलो की वाघाडी सुधारतेय. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले. तेव्हा मोजलं तर ऑक्सिजन १ मिलिग्रॅमच्याही खाली होता.

सांडपाण्यातून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते भरमसाट ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू मिळून तो संपवतात. सगळ्यात वाईट अवस्था सूर्योदयाच्या जरा आधी असते. मासे मरतात ते तेव्हा, आणि आपण मोजायला जातो चहा-नाश्ता उरकून दहा वाजता. म्हणून तुमची महिन्याची फेरी पहाटेचीच ठेवा, उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. वर्षातून दोन-तीनदा त्याच दिवशी दुपारी तीनला पुन्हा मोजा. पहाट आणि दुपार यांच्यातला फरक जितका मोठा, तितकं त्या पाण्याला खत जास्त पडतंय असं समजायचं. वेगळी महागडी तपासणी न करता एवढी मोठी गोष्ट हातात येते.

आता जागा. नासर्डीचं मूळ नाव नंदिनी. टाकळीच्या संगमाशी समर्थ रामदासांनी हिच्याच पाण्यात उभं राहून पुरश्चरण केलं, अशी परंपरा आहे. त्र्यंबक रस्त्याकडच्या, बेळगाव ढगा भागातल्या डोंगरउतारावरून ती येते, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या आणि दाट वस्तीच्या कडेनं उतरते, उंटवाडी, मुंबई नाका, पुणे रस्त्यावरचा नासर्डी पूल असं करत टाकळीला गोदावरीला मिळते. बहुतेक गट आपल्या घरामागच्या पुलावरून एक बाटली भरतात आणि थांबतात. त्या एका बाटलीवरून पाणी घाण आहे एवढंच कळतं, आणि ते नाकाला आधीच कळलेलं असतं. घाण कुठं मिसळते हे कळायला दोन बाटल्या लागतात, एक त्या जागेच्या वर, एक खाली.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे सगळ्यात वरची, जिथं अजून वस्ती नाही. तिथं पावसाळ्यात आणि फार तर थंडीच्या सुरुवातीपर्यंत पाणी मिळेल. तरीही तिथं जाच. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या दगडावरून, आपल्या मातीतून उतरणारं निर्मळ पाणी कसं असतं, ते आकड्यात माहीत नसेल तर खालच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? पुस्तकातली मर्यादा सगळ्या देशासाठी असते. तुमच्या नदीची स्वतःची मर्यादा त्या वरच्या ओहोळात आहे.

त्यानंतर सातपूरची वस्ती सुरू होण्याआधी एक, औद्योगिक भाग संपल्यावर उंटवाडीला एक, मुंबई नाक्याजवळ एक, संगमाच्या थोडं आधी एक. आणि गंगेवर दोन, संगमाच्या वर आणि खाली. (आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तेच लिहितो.) संगमाखालची बाटली भरताना घाई नको. दोन प्रवाह मिळाले तरी लगेच एकजीव होत नाहीत, बरंच अंतर एका काठाला नासर्डीचं आणि दुसऱ्या काठाला गंगेचं पाणी शेजारी शेजारी वाहत राहतं. म्हणून दोन्ही काठांना आणि मधे असा ईसीचा पेन (त्याबद्दल पुढे सांगतो) बुडवून बघा. तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला की समजा पाणी मिसळलं. गंगेवरचा आकडा लिहिताना धरणातून पाणी सुटलेलं होतं का, हे लिहायला विसरू नका. आवर्तन चालू असलं की गंगा आपोआप स्वच्छ दिसते. घाण तेवढीच असते, फक्त पातळ झालेली असते. नासर्डीवर मात्र गंगापूर धरणाचा हात नाही. म्हणून तिचे आकडे एका अर्थी जास्त प्रामाणिक.

साधनांकडे येऊ. पहिलं साधन ईसीचा पेन. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते त्यावरून कळतं. नाशिकमध्ये हे शिकवायला प्राध्यापक लागत नाही. कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, ठिबकमधून खत सोडताना तो ईसी आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) रोज बघत असतो. घरात वापरून बाहेर पडलेल्या पाण्यात मीठ, साबण, मूत्र मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा ईसी नळाच्या पाण्यापेक्षा बराच वाढतो. कारखान्याच्या पाण्याचा तर पुष्कळदा त्याहूनही जास्त असतो. कोणता क्षार हे पेन सांगत नाही, पण इथं काहीतरी मिसळलं हे दाखवायला त्याच्यासारखा स्वस्त साक्षीदार नाही. माझी आवडती पद्धत अशी: उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, काठानं चालत दर शंभर पावलांवर पेन बुडवायचा आणि आकडा लिहायचा. जिथं आकडा उडी मारतो तिथं थांबून काठ न्याहाळायचा. झुडपाआड पाइप असतो, चेंबर तुंबून वाहत असतं, नाहीतर एखादा ओहोळ येऊन मिळत असतो. विद्यार्थ्यांना याचं इतकं वेड लागायचं की परतायची वेळ झाली तरी कुणी ऐकत नसे.

टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं वजन दाखवणारा पेन घेतलात तर एक लक्षात ठेवा. तो आतून ईसीच मोजतो आणि एका ठरीव गुणकानं गुणून टीडीएस दाखवतो, एक कंपनी ०.५ नं गुणते, दुसरी ०.७ नं. मग दोन मैत्रिणींचे पेन जुळत नाहीत आणि भांडण लागतं. ईसीच वाचा, ईसीच लिहा, एकक मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. पेन दर फेरीआधी तपासून घ्यायचा, म्हणजे त्याचं कॅलिब्रेशन करायचं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवलं की २५ अंशांना ते १४१३ दाखवतं, जगात कुठंही. जवळच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एवढं कुणीही करून देईल. पीएचचा पेन असेल तर ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणं (ठरलेल्या पीएचची) लागतील. आणि तपासणीत पेननं काय दाखवलं, तेही तारखेसह वहीत.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण याच्या अभावी आमची एक चांगली तक्रार वाया गेली आहे. एका ठिकाणी रात्रीच्या वेळी आंबूस वासाचं पाणी सोडलं जात होतं. आम्ही चार वेळा पीएच मोजला, चारही वेळा ४ च्या खाली. कागद घेऊन कार्यालयात गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. मीटर बहुधा बरोबरच होता. पण 'बहुधा'वर कुणाला नोटीस काढता येत नाही, आणि त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. पुढे आम्ही नोंदीसकट परत गेलो तोवर तो पाइप बंद झाला होता.

ऑक्सिजनसाठी मीटर महाग पडतो आणि त्याचं वरचं पटल सांभाळावं लागतं. मी तुम्हाला विंकलरची जुनी पद्धत सुचवेन. १८८८ सालची आहे, आजही प्रमाण मानली जाते. ३०० मिलीची, काचेच्या तिरक्या बुचाची बीओडी बाटली काठोकाठ भरायची (बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणं पिपेटनं आत सोडायची, बूच लावून उलटसुलट करायची. साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. जितका गडद, तितका जास्त. साका पांढराशुभ्र आला तर त्या पाण्यात ऑक्सिजन उरलेलाच नाही. पुलावर उभं राहून तो पांढरा साका पाहिलेला माणूस पुन्हा नदीकडे पाठ फिरवत नाही, हे मी खूप वेळा अनुभवलं आहे. पुढे आम्ल घालून टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण घालून मोजणी, करायची ती प्रयोगशाळेत. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट आणि मूळचं २०० मिली पाणी असा हिशेब ठेवला की जितके मिली थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. आंघोळीच्या पाण्यात तो किमान ५ असावा लागतो.

बीओडी आणि कोलिफॉर्म (विष्ठेची भेसळ दाखवणारे जिवाणू) या दोन तपासण्या घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्या एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे, आणि दर महिन्याला न परवडल्यास वर्षातून चारदा. भारतात बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. बाहेरच्या देशांतल्या तक्त्यांत २० अंश, पाच दिवस असतं. अहवालावर कोणतं ते बघून घ्या. केंद्रानं २००० साली आंघोळीच्या पाण्याचे निकष अधिसूचित केले, त्यात बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलीला ५०० पर्यंत असावेत, फार तर २५०० चालतील, असं आहे. रामकुंडाच्या पाण्याबद्दल बोलताना हेच आकडे धरायचे. कोलिफॉर्मचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. रविवारी पहाटे भरला आणि सोमवारी दुपारी दिला, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून त्या फेरीपुरता कामाचा दिवस निवडा.

पाण्यात विष्ठेतले जिवाणू असले की काळी पडणारी एच-टू-एस बाटली बरेच जण सुचवतील. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यासाठी ती उत्तम आहे. नासर्डीत मात्र ती बारा महिने काळीच पडणार. जी तपासणी प्रत्येक वेळी एकच उत्तर देते, तिच्यातून काही शिकता येत नाही.

आता जो भाग जवळजवळ सगळे गट सोडून देतात, त्यावर मला जरा थांबायचं आहे. पाणी किती वाहतंय ते मोजा. सरळ, दगडगोटे नसलेला दहा मीटरचा पट्टा निवडा. दोन्ही टोकांना काठी रोवा. एक संत्रं टाका. संत्रं पाण्यात जवळपास बुडून वाहतं, वाऱ्यानं भरकटत नाही, आणि हरवलं तरी नदीला काही होत नाही. समजा दहा मीटर जायला त्याला २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. पात्राची रुंदी ३ मीटर आणि पाच जागी काठी बुडवून काढलेली सरासरी खोली २० सेंटिमीटर, म्हणजे काटछेद ०.६ चौरस मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून ०.८५ नं गुणायचं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २०४ लिटर.

आता याच पाण्याचा बीओडी प्रयोगशाळेनं ४० दिला असं धरू. ४० हा नुसता आकडा सभेत सांगितला तर लोक जांभया देतात. पण २०४ लिटर गुणिले ४० मिलिग्रॅम म्हणजे सेकंदाला ८ ग्रॅमच्या वर, दिवसाला ७०० किलोच्या आसपास. एका माणसाच्या सांडपाण्यातून दिवसाला साधारण ५० ग्रॅम बीओडी येतो. म्हणजे त्या पुलाखालून रोज चौदा हजार माणसांचं सांडपाणी प्रक्रियेविना चाललंय, एवढा तो भार. हे नगरसेवकांनाही कळतं, मलनिस्सारणाच्या अभियंत्यांनाही कळतं, कारण वरच्या भागात किती घरं आहेत आणि किती जोडली आहेत हे त्यांना माहीत असतं. शिवाय पावसाळ्यात ४० चा १० झाला म्हणून पाठ थोपटून घ्यायची की नाही, तेही प्रवाहावरूनच ठरतं. पाणी चौपट झालं असेल तर घाण तितकीच आहे.

पहिल्या जोरदार पावसाचं पाणी मुद्दाम वेगळं तपासा. उन्हाळाभर पात्रात, गटारांत, रस्त्यांवर साचलेलं सगळं त्या एका लोंढ्यात येतं. आणि डिसेंबर-जानेवारीच्या आकड्यांवर भाळू नका. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मुरतो, म्हणून थंडीत नदी आहे त्यापेक्षा बरी दिसते. खरी परीक्षा एप्रिल-मे.

एक काम मात्र घरातल्या मुलांना घेऊन करा, त्याला खर्च नाही. पाण्यातले किडे बघा. पीठ चाळायची जुनी चाळण, पांढरा ट्रे आणि भिंग. धारेतला दगड उचलून उलटा करायचा. तीन बारीक शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले हलवणारी चपटी अळी दिसली, किंवा वाळू-काड्या चिकटवून स्वतःचं घरटं बांधून राहणारी अळी दिसली, तर पाणी चांगलं. हे जीव ऑक्सिजन कमी झाला की पहिले जातात. डोंगराकडच्या तुमच्या जागेवर पावसाळ्यानंतर ते सापडायला हवेत. चतुर-टाचण्यांची पिल्लं, शिंपले असले तर मध्यम. चिखलात लालभडक, वळवळणाऱ्या अळ्यांची गर्दी किंवा लांब शेपटीनं पृष्ठभागावरून हवा घेणाऱ्या अळ्या असतील, तर तिथं ऑक्सिजन जवळपास नाही. त्या लाल अळ्यांचा रंग आपल्या रक्तासारखाच हिमोग्लोबिनचा असतो, त्या जोरावर त्या तग धरतात. तुमची बाटली एका क्षणाचं सांगते, हे किडे गेल्या काही आठवड्यांचं सांगतात. रात्री सोडलेलं विषारी पाणी सकाळपर्यंत वाहून गेलं तरी दगडाखालचे किडे परत आलेले नसतात.

इथं दोन फसव्या खुणा आहेत. पाण्यावर सरसर चालणाऱ्या पाणनिवळ्या हवेतला ऑक्सिजन घेतात, पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल त्या काही सांगत नाहीत. आणि 'मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे' हे काठावर हमखास ऐकू येईल. डास मारायला सोडलेले गप्पी गटाराच्या कडेलाही जगतात, पृष्ठभागालगतचं, हवेतला ऑक्सिजन मुरलेलं पाणी कल्ल्यांवरून नेऊन.

जड धातूंचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण वर औद्योगिक वसाहत आहे आणि विद्युतविलेपन, म्हणजे प्लेटिंगचे कारखाने कुठल्याही अभियांत्रिकी उद्योगाच्या आसपास असतातच. प्लेटिंगमधून येणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमचं विषारी रूप) सोडायच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ही तपासणी सरसकट दर महिन्याला करू नका, पैसे संपतील. ईसीनं किंवा पीएचनं उडी मारली, पाण्याला पिवळट झाक दिसली, तेव्हाच नमुना घ्या. बाकी धातूंच्या बाटलीत थोडं नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे धातू बाटलीच्या काचेला चिकटत नाहीत. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत ते अजिबात घालायचं नाही, त्यानं त्याचं रूप बदलतं आणि अहवाल कोरा येतो. ती बाटली वेगळी, थंड, चोवीस तासांत प्रयोगशाळेत. आणि वर्षातून एकदा मे महिन्यात तळाचा गाळ तपासून घ्या. धातू पाण्याबरोबर फार काळ राहत नाहीत, ते बारीक गाळाला चिकटून बसतात. महापुरात हा गाळ उचलला जातो आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात जाऊन बसतो. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण ते हेच. तिथल्या पक्ष्यांच्या पोटात काय जातं, याचा काही भाग तुमच्या उंटवाडीच्या पुलाखाली ठरतो.

मखमलाबाद, म्हसरूळकडचे कुणी वाघाडीवर असंच काम करणार असतील तर त्यांनी तांबंही बघावं. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, द्राक्षाला वाचवतं, पण ते पावसानं धुऊन ओढ्यात आलं तर पाण्यातल्या किड्यांना मारायला अगदी थोडंही पुरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू असताना अवकाळी पाऊस झाला, तर त्याच आठवड्यात एक नमुना घ्यावा. हे बागायतदारांना बरोबर घेऊनच करावं. ते आपलेच लोक आहेत आणि विहिरीचं पाणी तेही पितात.

आता आकडे कुणी मानेल का. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खटल्यात पुरावा म्हणून चालतो तो नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं, संबंधिताला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद घेतलेला. तुमची बाटली ती जागा घेऊ शकत नाही, आणि घेते असा दावाही करू नका. तुमची वही मंडळाला सांगते की कुठं, कोणत्या वारी, किती वाजता यायचं. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे. त्यांना प्रत्येक पाइपापाशी रोज उभं राहता येत नाही. पण सहा महिन्यांच्या नोंदींत अमुक पुलाखाली दर शनिवारी पहाटे ईसी दुपटीनं वाढतो असं दिसत असेल, तर अधिकाऱ्यांना पाहणीची जागा आणि वेळ आयती मिळते. दाद लागलीच नाही तर कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येतं. त्याआधी माहिती अधिकारात मलनिस्सारण केंद्रांचे आणि मंडळाचे स्वतःचे अहवाल मागवा आणि आपल्या वहीशेजारी ठेवा. दोन्हीकडचा कल एकच दिसला तर तुमच्या गटाचं म्हणणं दहापट वजनदार होतं.

यासाठी वहीत खाडाखोड नको. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही. वाईट आकडा आला म्हणून लिहायचा आणि चांगला आला म्हणून सोडायचा, असं एकदाही होऊ देऊ नका. दर दहा बाटल्यांमागे एक बाटली त्याच जागी दुसऱ्यांदा भरा. दोन आकडे जवळपास आले तर तुमच्या हातावर विश्वास ठेवता येतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी पात्रात आणि काठावर पुष्कळ कामं व्हायची आहेत. त्यातल्या कशानं पाणी सुधारलं आणि कशानं नाही, हे सांगायला आधीचे आकडे लागतात. नंतर सुरू करून ते मिळत नाहीत.

काळजीचं थोडं. एकट्यानं पात्रात उतरायचं नाही, मुलांनी तर संगमापाशी अजिबात नाही. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावरच थांबा. उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टो पावसाळी पाण्यात असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. बाटली भरताना प्रवाहाकडे तोंड करून, आपल्या पायांनी ढवळलेलं पाणी मागे जाईल असं उभं राहायचं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची (निर्जंतुक आणि विंकलरची बाटली सोडून), आणि मधल्या धारेतून, मधल्या खोलीवरून भरायची. लेबल घरूनच शिसपेन्सिलनं लिहून लावा, शाई ओली झाली की पसरते. विंकलरची वापरलेली द्रावणं परत नदीत ओतायची नाहीत. एका जुन्या कॅनमध्ये साठवा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.

पहिल्या फेरीला किट नकोच. येत्या रविवारी पहाटे बेळगाव ढग्याकडून निघा आणि टाकळीपर्यंत काठानं जितकं चालता येईल तितकं चाला. सोबत वही, पेन्सिल आणि फोनचा कॅमेरा. कुठं ओहोळ मिळतो, कुठं पाइप आहे, कुठं वास बदलतो, कुठं बायका धुणं धुतात, कुठं म्हशी बसतात, सगळं लिहा. काठावर जुन्या माणसांशी बोला. पूर्वी पाणी कुठवर पिण्यासारखं होतं, ते त्यांना आठवतं. त्या नोंदींवरून मग सात जागा नक्की करा आणि प्रत्येक जागेवरून एकाच कोनातून फोटो काढून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्यालाही तीच जागा सापडेल.

किटची यादी त्यानंतर करू. वहीची पानं पाठवलीत तर मी बघून सांगेन.